खायचे नाहीत तर धरता कशाला?

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सहा, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सजवळचा ग्रँड युनियन कॅनॉल, बारीक पाऊस, आणि मी मालवणी माणूस छत्रीखाली बसून गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या लाल टोकाकडे डोळे लावून. नदीवर का नाही म्हणाल तर १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी, माशांच्या विणीचा सीझन, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात ना तसंच.

इथे माशांतही पंक्तिभेद आहे बरं का. सॅमन, ट्राउट म्हणजे साहेब लोक, गोड्या पाण्यातले बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. ऑफिसातल्या एका इंग्रज काकांनी मला या जाड्याभरड्यांच्या नादी लावलं. नवीन जात मिळाली की वहीत टिक. माझ्या वहीत पाच होते, रोच, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प. आज सहावा हवा होता.

आमिष म्हणजे मॅगट्स, जिवंत वळवळत्या अळ्या, दुकानात दुधासारख्या पाइंटने मोजून देतात. गार ठेवल्या नाहीत तर कोष होतात आणि मग माशा, म्हणून आदल्या रात्री डबा फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या मागे. बायकोला सांगायचं राहिलं. तिला वाटलं बिटाची कोशिंबीर उरलीय. पुढचं लिहीत नाही.

तर नऊ वाजता फ्लोट बुडाला, चंदेरी मासा, लाल पंख, मी ओरडलो, "रड!" रड म्हणजे रोचसारखाच दिसणारा मासा, माझ्या वहीत नसलेला. काकांनी चष्मा लावला. रडचा खालचा ओठ पुढे असतो, रोचचा वरचा. दोन प्रौढ माणसं पावसात एका माशाच्या ओठाकडे बघतायत, आमचं लग्न ठरताना मला कुणी एवढं न्याहाळलं नव्हतं. निकाल आला, संकर. आई रोच, बाप रड, किंवा उलट. वहीत टिक नाही. मग पर्च, पर्च, परत पर्च, पाठीचे काटे अंगठ्यात घुसवून घेतले आणि सगळे सोडून दिले, कारण इथे धरायचं, ओल्या हाताने कौतुक करायचं आणि सोडायचं. मध्येच लायसन्स बघायला माणूस आला, माझ्याकडे होतं, नाहीतर दंड २,५०० पौंडांपर्यंत, तेवढ्यात वर्षभर सुरमई आली असती.

चार वाजता तळाला टेकवलेला गळ हलला. बोटाएवढा मासा, तोंडाच्या दोन कोपऱ्यांना एक एक मिशी. गजन! माझा सहावा! काकांनी टोपी काढून हात मिळवला, मला खरंच भरून आलं. बाजूने चाललेल्या बोटीवरच्या बाईंनी विचारलं काय मिळालं, मी मासा दाखवला, त्यांना नुसती माझी मूठ दिसली.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन.

"सोडलास मरे?"

"सोडलो."

"बरा केलंस. मांजरान पण तोंड लावूक नसता."

घरी आलो तर अर्धा पाइंट अळ्या शिल्लक. बायको फ्रिजला पाठ लावून उभी होती. डबा गाडीच्या डिकीत ठेवलाय, उद्या ऊन आहे म्हणतात.