पगारवाढीच्या आकड्यामागचं कारण सांगता येतंय का?

इन्क्रिमेंटची पत्रं वाटली की तासाभरात सगळ्यांना सगळ्यांचे आकडे कळलेले असतात. गुप्ततेचं कलम कागदावरच राहतं. मग एकेक जण मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो आणि विचारतो, "त्याला तेवढे, मग मला एवढेच का?" या 'का'चं उत्तर कंपनीला सरळ देता येत नसेल, तर ती पद्धत अन्याय्य आहे. बजेट कितीही मोठं असलं तरी. हे माझं ठाम मत आहे.

तुलना करणाऱ्याला हावरट किंवा असमाधानी म्हणणं बंद करा. जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की आपण किती दिलं आणि किती मिळालं याचं प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. हे होणारच. पद्धत त्या तुलनेत टिकेल अशी बांधायला हवी.

ती बांधताना आधी कामाचं मोल ठरवायचं, त्या जागेवर सध्या कोण आहे हे बाजूला ठेवून. कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती असे चार निकष घ्या, त्यांना समजा ४०, ३०, २० आणि १० असं वजन द्या, आणि वेगवेगळ्या विभागांतल्या पाच-सहा जणांना एकत्र बसवून प्रत्येक कामाला गुण द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे श्रम म्हटलं की फक्त अंगमेहनत मोजली जाते. चिडलेल्या ग्राहकाला दिवसभर शांतपणे उत्तरं देणं, आजारी माणसाची काळजी घेणं, यांना जवळपास काहीच गुण पडत नाहीत, आणि अशी कामं बहुतेक ठिकाणी बायकांकडे असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारातले शब्द 'समान मोलाच्या कामासाठी समान मोबदला' असे आहेत. काम एकसारखंच असावं अशी त्यात अटच नाही. म्हणून हे गुण देण्याचं काम घाईत उरकू नका.

गुणांवरून ग्रेड पडतात, ग्रेडवरून पगाराचा पट्टा, म्हणजे त्या ग्रेडचा कमीत कमी ते जास्तीत जास्त पगार. मिडपॉइंट १०० धरला तर पट्टा साधारण ८० ते १२०. आता खरी गंमत बघा. एकाच ग्रेडमध्ये दोघं आहेत, एकाचा पगार ८२, दुसऱ्याचा ११५, आणि दोघांचंही रेटिंग 'चांगलं'. सरसकट ८ टक्के वाढ दिली तर पगार होतात ८८.५६ आणि १२४.२. अंतर ३३ होतं, ते ३५.६४ झालं, शिवाय दुसरा पट्ट्याबाहेर गेला. टक्के सारखे म्हणून न्याय झाला असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात दरी वाढलेली असते. त्याऐवजी रेटिंग एका बाजूला आणि पट्ट्यातली जागा दुसऱ्या बाजूला घेऊन वाढीचा तक्ता बनवा. 'चांगलं' रेटिंग आणि पट्ट्यात खाली असलेल्याला ११ टक्के, वर असलेल्याला ४ टक्के. पगार होतात ९१.०२ आणि ११९.६. अंतर २८.५८ वर आलं आणि एकूण खर्च १५.७६ वरून १३.६२ झाला. वरच्याला मात्र हा तक्ता उघडून दाखवायलाच हवा. नाहीतर चांगलं काम करून शिक्षा मिळाली असंच त्याला वाटणार, आणि त्यात त्याची चूक नसेल.

सुरुवातीचा फरक आपोआप मिटत नाही हेही ध्यानात घ्या. एक १०० वर लागला, दुसरी ९० वर, दोघांना दरवर्षी ८ टक्के. दहा वर्षांनी १० चा फरक २१.६ झालेला असतो. बोनस मूळ पगाराच्या टक्क्यांत असेल तर तिथेही तोच फरक उतरतो. म्हणून मुलाखतीत 'आधीचा पगार किती होता' हा प्रश्न विचारूच नये. आधीच्या ठिकाणी झालेला अन्याय आपण त्यामुळे जसाच्या तसा उचलून आणतो. उमेदवाराला पट्टा सांगा आणि अनुभवानुसार त्यातली जागा ठरवा. नव्या माणसाला ऑफर देण्याआधी त्याच ग्रेडमधल्या जुन्यांची यादी समोर हवी. नवा माणूस त्यांच्या वर जात असेल तर जुन्यांच्या दुरुस्तीचे पैसे त्याच मंजुरीत मागा. 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं की जुनी माणसं राजीनामा टाकतात, आणि त्यांच्या जागी येणारा आणखी महाग पडतो.

रेटिंगबद्दल. 'टीममधले सगळ्यात खालचे १० टक्के शोधाच' हा नियम सहा जणांच्या टीमला लावला तर ०.६ माणूस शोधावा लागतो! प्रत्यक्षात एक पूर्ण माणूस बळी जातो, आणि बहुधा तो नवा, नाहीतर रजेवरून नुकताच परतलेला. अशी सक्तीची उतरंड मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये सोडली. त्यापेक्षा मॅनेजरांना एकत्र बसवून प्रत्येक रेटिंगमागचा पुरावा मागा. आणि पुरावा वर्षभराचा हवा. मार्चमध्ये सावरलेलं संकट डिसेंबरच्या अप्रेझलमध्ये कुणाला आठवत नाही, शेवटचे दोन महिनेच डोळ्यासमोर असतात. दर महिन्याला प्रत्येकाबद्दल तीन ओळींची नोंद, तारखेसह, एवढी शिस्त पुरते.

इन्सेंटिव्हचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे टार्गेटपाशी असलेला कडा. टार्गेटच्या ९९ टक्क्यांना शून्य आणि १०० ला पूर्ण रक्कम असं ठेवलं की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या महिन्याच्या ऑर्डरी अलीकडे ओढल्या जातात आणि माल गळ्यात मारला जातो. ८० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने वाढणारी रक्कम ठेवा, रद्द झालेली विक्री त्यातून वजा करा, आणि विक्रीसोबत तक्रारींचा आकडाही धरा. वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या परवानगीशिवाय लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्याचं बाहेर आलं. खाती उघडणाऱ्यांनी चूक केलीच, पण ती टार्गेटं कुणीतरी वर बसून ठरवली होती.

'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'वर फार बोलण्यासारखं नाही. काही महिन्यांत तो मान आळीपाळीने वाटला जातो. त्याऐवजी चांगलं काम झाल्यावर आठवड्याच्या आत, नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगा.

दाद मागायची सोय मात्र हवीच. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत अर्ज, ३० दिवसांत लेखी उत्तर, आणि ते उत्तर ज्याने रेटिंग दिलं त्याने द्यायचं नाही. वर्षाअखेरीस किती अर्ज आले आणि किती निकाल बदलले हे सगळ्यांना कळवा. एकही अर्ज आला नाही म्हणून खूश होऊ नका, बहुतेक वेळा माणसं घाबरलेली असतात.

हे सगळं कर्मचाऱ्यापर्यंत पोचतं ते एका पानाच्या पत्रातून, आणि त्या पत्रात आज फक्त नवा आकडा असतो. तुमचा ग्रेड आणि त्याचा पट्टा, त्यात तुमची जागा, तुमचं रेटिंग आणि त्यामागच्या दोन ठोस गोष्टी, तक्त्यातला कोणता रकाना लागला, आणि हरकत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत कुणाकडे जायचं, एवढं त्यात लिहा. यातली एखादी ओळ लिहिताना एचआरची लेखणी अडखळली, तर ते पत्र त्या दिवशी देऊ नका. आधी तो आकडा पुन्हा तपासा.