पोरं आमची, संसार सिअ‍ॅटलचा

परवाच्या रविवारी, ८ फेब्रुवारी २०२६ ला, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम मॅच, संपला तेव्हा मी रिमोट भिंतीवर आपटला नाही, कारण रिमोट बायकोकडे होता. समोर सॅम डार्नोल्ड, विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), चांदीची ट्रॉफी हातात घेऊन उभा, वरून रंगीत कागदांचा पाऊस, सिअ‍ॅटल २९, न्यू इंग्लंड १३. आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं चौदा, फोनमधून मान वर न काढता विचारतात, “बाबा, हा आपल्याकडे होता ना?”

होता! आपल्याकडेच होता! तीन वर्षं होता! खाऊन-पिऊन, धडपडून, बोंबलून, आपल्याच घरात वाढला होता!

आमची टीम म्हणजे न्यू यॉर्क जेट्स. नाव न्यू यॉर्कचं आणि मैदान आमच्या न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला, म्हणजे पाटीपासूनच घोळ. २००९ साली मी इकडे आलो आणि ऑफिसातल्या शेजारच्या माणसाने माझ्या डोक्यावर हिरवी टोपी ठेवली. त्या मोसमात टीम सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे पोचली, पुढच्या मोसमातही पोचली. मला वाटलं, यांचं दर वर्षी असंच असतं. जानेवारी २०११ मध्ये पिट्सबर्गकडून २४-१९ हरलो. त्याच वर्षी पोरगा झाला. आता त्याला मिसरूड फुटतंय, आणि त्याने आयुष्यात जेट्सची एकही प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेरीची) मॅच पाहिलेली नाही. एकही! सलग पंधरा मोसम! तो केव्हाच फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडे गेला. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

तर विषय ड्राफ्टचा. एप्रिल जवळ आलाय आणि माझं डोकं आतापासूनच तापलंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली नाही. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं एका बाजूला, ३२ टीम दुसऱ्या बाजूला, सात फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो सगळ्यात जास्त हरला त्याला सगळ्यात आधी निवडायचा मान. पोराला विचारत नाही कोणी. ज्याने नाव पुकारलं त्याच्या घरी जायचं. नंबर म्हणजे निवडायची पाळी, आणि ती टीम एकमेकांना देऊ-घेऊ शकतात. थोडक्यात, जो उपाशी त्याला आधी वाढायचं, अशी ही पंगत. आणि आम्ही वर्षानुवर्षं पहिल्या पंगतीला बसतोय आणि रिकाम्या पोटी हात धुऊन उठतोय.

सुपर बोलकडे परत येतो, कारण ते डोक्यातून जात नाहीये. डार्नोल्डला २०१८ मध्ये तिसऱ्या नंबरवर घेतला. त्यासाठी सहाव्यावरून तिसऱ्यावर जायला दुसऱ्या फेरीचे तीन नंबर इंडियानापोलिसला देऊन बसलो. तीन! मग त्याच्यापुढे उभं राहून मार अडवायला धड माणसं दिली नाहीत, वर्षभरात मुख्य प्रशिक्षक बदलला, पोथीच बदलली. २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० ची धुलाई चालू असताना बाकावर बसलेलं ते पोरगं म्हणालं की मला भुतं दिसतायत. अंगावर माईक होता. सगळ्या देशाने ऐकलं. बावीस वर्षांच्या पोराला भुतं दिसायला लागेपर्यंत तुम्ही त्याचं काय केलं होतं, हे कोणी विचारलं नाही. २०२१ मध्ये त्याला कॅरोलायनाला देऊन टाकला आणि आता बघा.

बरं, तो एकटा असता तर गिळलं असतं. त्याच मॅचमध्ये सिअ‍ॅटलच्या बचावात लेनर्ड विल्यम्स. २०१५ चा आमचा पहिल्या फेरीतला, सहावा नंबर. आणि पाच फील्ड गोल (लाथेने मारलेले, तीन-तीन गुणांचे) मारणारा जेसन मायर्स? २०१८ मध्ये आमच्याकडे होता, चांगला खेळला, म्हणून अर्थातच सोडला. त्याने एकट्याने २९ पैकी १७ गुण केले. बायको म्हणाली, “अरे, ही तर तुमचीच टीम जिंकली!” ती गंमत करत होती. मला जेवण गेलं नाही.

आणि क्वार्टरबॅक जीनो स्मिथला कसं विसरू? २०१३ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतला, नंतर टाकाऊ ठरवून सोडून दिला. २०२२ मध्ये तो सिअ‍ॅटलमध्येच पुनरागमनाचं बक्षीस घेऊन बसला. म्हणजे पोरं आम्ही निवडायची, आम्ही बदनाम करायची आणि नांदवायची सिअ‍ॅटलने. माहेरी रोज टोमणे खाल्लेली पोरगी सासरी जाऊन घर उजळते, तशातली गत.

समोर हरणारे कोण, तर न्यू इंग्लंड. आमच्याच गल्लीतले, म्हणजे आमच्याच गटातले. २०२४ मध्ये ४-१३ होते (चार विजय, तेरा पराभव), आम्ही ५-१२. म्हणजे ते आमच्याही खाली! त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या क्वार्टरबॅक पोराला, ड्रेक मे याला, नीट सांभाळला, एका वर्षात १४-३ करून सुपर बोल गाठला. आम्ही? ३-१४. पहिल्या सात मॅच ओळीने हरलो. सतरा मॅचमध्ये आमच्या बचावाने समोरच्याचा एकही पास पकडला नाही. शून्य इंटरसेप्शन. लीगच्या इतिहासात असा मोसम कोणाच्या नावावर नव्हता, तो विक्रम आम्ही केला. अरे, चुकून तरी पकडा! सतरा मॅच अंगणात हात पसरून उभं राहिलं तरी एखादा चेंडू हातात येऊन पडतो!

आता यंदा हातात काय आहे? दुसरा नंबर, सोळावा, तेहतिसावा, चव्वेचाळिसावा. सोळावा इंडियानापोलिसचा. नोव्हेंबरमध्ये आम्ही आमचा बचावपटू सॉस गार्डनर त्यांना दिला आणि त्यांचे २०२६ आणि २०२७ चे पहिल्या फेरीचे नंबर घेतले. तेव्हा ते ७-२ होते, मी म्हटलं मिळून मिळून तिसावा वगैरे मिळेल. मग त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला, ते कोसळले आणि नंबर सोळावर आला. आमच्या आयुष्यात नशिबाने एवढी एकच गोष्ट दिली. चव्वेचाळिसावा डॅलसचा, आमचा दुसरा बचावपटू क्विनेन विल्यम्स याच्या बदल्यातला. डॅलसचा २०२७ चा पहिल्या फेरीचा नंबरही त्यातच. म्हणजे २०२७ मध्ये आमचं स्वतःचं धरून पहिल्या फेरीत तीन. सगळे म्हणतायत, वा, काय पुंजी जमवली! पुंजी जमवणं आम्हाला कधीच अवघड गेलं नाही. २००० साली पहिल्या फेरीत आमचे चार खेळाडू होते, चार! आणि बरेही निघाले. पण त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत १९९ व्या नंबरवर न्यू इंग्लंडने पुढे दिग्गज ठरलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी उचलला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकला जोरात धडक देऊन ब्रेडीला मैदानात आणायचं पुण्यकर्मही आमच्याच खेळाडूने केलं. ह्याला कर्म म्हणायचं नाही तर काय?

दुसरा नंबर ऐकूनच माझ्या पोटात गोळा येतो. १९९० मध्ये दुसऱ्या नंबरवर ब्लेअर थॉमस घेतला, पुढे दिग्गज ठरलेला एमिट स्मिथ सतराव्यावर गेला. २०२१ चा तर ताजाच घाव. २०२० मध्ये आम्ही ०-१३ होतो. फक्त हरत राहायचं, एवढं सोपं काम, पहिला नंबर आणि क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स आपोआप घरी. २० डिसेंबरला हे दीडशहाणे लॉस एंजेलिसला जाऊन रॅम्सना २३-२० ने हरवून आले! टीम जिंकली म्हणून सोफ्यावर उशीत तोंड खुपसून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी होतो. पहिला नंबर जॅक्सनव्हिलला गेला, आम्ही दुसऱ्यावर झॅक विल्सन घेतला. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, रक्तदाबाची गोळी घेऊन झालीय.

ऑफिसातला तो टोपीवाला (आता निवृत्त झालाय, फ्लोरिडाला असतो) मला सांगायचा, “तू उशिरा आलास, तू काहीच पाहिलं नाहीस.” १९८३ मध्ये, मी रांगत असताना, यांनी २४ व्या नंबरवर क्वार्टरबॅक केन ओब्रायन घेतला, पुढे दिग्गज ठरलेला डॅन मरिनो समोर असताना. तीन नंबर पुढे तो मायामीला गेला, तोही गल्लीतलाच. १९९५ मध्ये लोक वॉरन सॅपसाठी ओरडत होते, यांनी काइल ब्रेडी पुकारला. तो टोपीवाला तेव्हा हॉलमध्ये होता म्हणे, घसा बसेपर्यंत हुर्यो केली. मी हसायचो. आता मी त्याच्या जागी आहे आणि हसायला कोणी उरलेलं नाही.

क्वार्टरबॅकचं म्हणाल, तर यंदा एकच ठोस, इंडियाना विद्यापीठाचा फर्नांडो मेंडोझा. हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला, कॉलेजचं विजेतेपद जिंकलं. तो पहिल्या नंबरवर रेडर्सकडे जाणार असं झाडून सगळे म्हणतायत. रेडर्सही ३-१४, आम्हीही ३-१४, पण बरोबरीतसुद्धा दुसरे आम्हीच. दुसरा क्वार्टरबॅक होता ओरेगनचा डान्टे मूर. तो म्हणाला, मी अजून एक वर्ष कॉलेजातच थांबतो. कारण त्याचं त्याला ठाऊक, मी काही बोलत नाही. फक्त एवढंच सांगतो, १९९७ मध्ये पहिला नंबर आमच्याकडे होता आणि त्या वर्षी पुढे दिग्गज ठरलेला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगही कॉलेजातच थांबला होता.

म्हणून आता धास्ती ही की मेंडोझा गेला, मूर आलाच नाही, तर हे लोक घाबरून अलाबामाच्या टाय सिम्पसनला ओढून घेतील. पोरगा वाईट नाही. पण एक मोसम पूर्ण खेळलेल्या पोराला या घरात आणून काय करणार? पुन्हा भुतं दाखवणार? आमचा क्वार्टरबॅक क्रिश्चन हॅकनबर्ग आठवा. २०१६, दुसरी फेरी, ५१ वा नंबर, आणि लीगच्या मॅचमध्ये एक चेंडूही टाकला नाही. दुसऱ्या फेरीचा नंबर म्हणजे काय चहापाण्याचा खर्च आहे का? माझं स्पष्ट मत आहे, यंदा क्वार्टरबॅकला हात लावू नका. आधी घर बांधा, मग सून आणा. २०२७ मध्ये तीन नंबर आहेत, तेव्हा बघू. हे लिहितानाच माझं मला हसू येतंय, कारण “पुढच्या वर्षी बघू” हे मी २०११ पासून म्हणतोय.

मग दुसऱ्या नंबरला कोण? धावून जाऊन क्वार्टरबॅकला लोळवणारा. टेक्सस टेकचा डेव्हिड बेली, आधी स्टॅनफर्डला होता. गेल्या मोसमात १४.५ सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला लोळवणं. मी त्याच्या चित्रफिती रात्री दीड वाजता आवाज बंद करून पाहतो. पहिलं पाऊल असं की क्वार्टरबॅकला राखणारा समोरचा टॅकल अजून श्वास घेतोय तोवर हा मागे. हा घ्या. पण सगळे जाणकार आम्हाला देतायत ओहायो स्टेटचा अरव्हेल रीस. उंच, चपळ, पोलादी, शरीर पाहूनच लोक वेडे झालेत. मान्य, पोरगा भारी आहे. पण ओहायो स्टेट, चपळ, पोलादी शरीर, हे सगळं ऐकल्यासारखं वाटतंय ना? २००८, सहावा नंबर, व्हर्नन घोल्स्टन! तीन वर्षांत किती सॅक? शून्य! तीन मोसम! स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये पिवळं जाकीट घालून उभा असलेला पोरगाही तीन वर्षांत चुकून एखाद्या क्वार्टरबॅकवर पडला असता! रीसचा यात काही दोष नाही, कळतं मला. एका गावच्या मुलीने त्रास दिला म्हणून त्या गावचं स्थळच नाकारायचं, हा अडाणीपणा आहे. पण मी अडाणीच बरा.

आणि या महिनाअखेरीला तो ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचा इंडियानापोलिसचा तमाशा. पोरांना बनियनवर पळवायचं, उंची, वजन, हाताची लांबी. पंजासुद्धा मोजतात! क्वार्टरबॅक जो बरो याचा पंजा नऊ इंच निघाला तेव्हा इथे सुतक पडलं होतं. तो वर्ष-दोन वर्षांत सुपर बोल खेळला. पत्रिकेत ३४ गुण जुळतात आणि महिन्याभरात वकिलाकडे जातात, तसली ही मोजणी. पण मी बघणार. चारही दिवस बघणार.

सोळाव्याला कॉर्नर किंवा सेफ्टी, म्हणजे पास अडवणारा बचावपटू घ्या, कोणीही, फक्त त्याला चेंडू पकडता आला पाहिजे. तेहतिसाव्याला रिसीव्हर, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकचे पास झेलणारा.

ड्राफ्ट २३ एप्रिलला, पिट्सबर्गला. जिथे आम्ही शेवटची प्लेऑफ मॅच खेळलो त्याच गावात! मी शुक्रवारची रजा टाकली आहे. बायको म्हणाली, “तोंड पाडून बसायला रजा कशाला लागते? ते ऑफिसातही जमतं तुला.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, ईगल्सची टोपी आणू का तुला? माझ्याकडे दोन आहेत.” त्याला मी झोपायला पाठवला.

आता रात्रीचा पाऊण वाजलाय. बाहेर बर्फाचे ढीग तसेच आहेत, सकाळी गाडीभोवतीचा उपसायचाय. आणि मी संगणकावर खोटा खोटा ड्राफ्ट खेळतोय, आजचा सातवा. पहिल्या नंबरवर मेंडोझा गेला. मशीनने माझ्यापुढे ओहायो स्टेटचा पोरगा ठेवला आणि खाली हिरव्या अक्षरात सुचवलं की सर्वोत्तम हाच. मी बेलीवर बोट नेलं. परत मागे आणलं. तेवढ्यात वेळ संपली आणि मशीननेच निवडून टाकलं. रीस.

आठवा सुरू केलाय.