थरथर वाढली म्हणून फिजिओ बंद करायचं?

काकांना पार्किन्सन्स असल्याचं कळून तीन महिने झाले. परवा काकूने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'फिजिओ बंद केलंय, गरज लागेल तेव्हा बघू.' फॉरवर्डचं म्हणणं असं: श्रमाने उरलंसुरलं डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन) संपतं, म्हणून सुरुवातीला व्यायाम टाळा, तोल जायला लागल्यावर बघा, स्पीच थेरपी बोलणं अडल्यावर, आणि फिजिओचा उपयोग नाही हे परदेशात सिद्ध झालंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. डोपामिन म्हणजे टाकीत साठवलेलं पाणी नव्हे. मेंदूतल्या पेशी ते सतत तयार करतात. पार्किन्सन्समध्ये त्या पेशीच हळूहळू मरतात, पण चालल्यामुळे नाही. श्रम झाले, मनावर ताण आला की थरथर वाढते, हे खरं. काकांचा हात व्यायामानंतर जास्त हलताना बघूनच काकू घाबरली. पण थोडं बसलं की ती उतरते. तेवढ्यावरून आजार पुढे सरकला असं होत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच तपासलं गेलं. 2018 साली 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात 128 रुग्ण होते, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले, पार्किन्सन्सची गोळी अजून सुरू न झालेले. एका गटाला आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर जोरात चालवायचं ठरलं, नाडी कमाल वेगाच्या 80 ते 85 टक्क्यांवर नेत. सहा महिन्यांनी या गटाच्या हालचालींचा गुणांक जवळजवळ होता तिथेच होता. नेहमीच्याच दिनक्रमात राहिलेल्यांचा मात्र सुमारे 3 गुणांनी बिघडला. श्रमाने डोपामिन संपत असतं, तर उलटं दिसायला हवं होतं. सहा महिन्यांच्या अभ्यासावरून आजार थांबतो असं मी म्हणणार नाही. आणि एवढा जोर लावण्याआधी हृदयाची तपासणी हवीच.

तोल जाईपर्यंत थांबायचं म्हणजे पहिल्यांदा पडेपर्यंत थांबायचं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची 2017 ची मार्गदर्शिकाही सुरुवातीच्या टप्प्यातच फिजिओकडे पाठवण्याचा विचार करा म्हणते.

आवाजाचंही तेच. तो बारीक होतो आणि खुद्द माणसाला कळत नाही. काका हल्ली फोनवर बोलतात तेव्हा मागून काकूच 'मोठ्याने बोला' म्हणते. एलएसव्हीटीसारखी, मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेणारी थेरपी आठवड्यात चार दिवस, चार आठवडे चालते. एवढा सराव बोलणं धड आहे तोवरच करून घ्यावा.

'परदेशात सिद्ध झालं' यात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करते. ब्रिटनमध्ये 762 रुग्णांवरच्या, 2016 च्या अभ्यासात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाते ती) फायदा दिसला नाही. पण तिथे आठ आठवड्यांत साधारण चारच भेटी झाल्या होत्या. त्यातून कळतं ते एवढंच, की चार भेटींनी भागत नाही.

काकू, सोमवारी सकाळी दहाची वेळ मी परत घेतली आहे. काकांना न्यायला मी येते.