पार, शिवारफेरी आणि ग्वानो : सँडी स्प्रिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सँडी स्प्रिंगच्या शेतकरी मंडळावरच्या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं योग्य नव्हतं, म्हणून हे सवडीनं लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर सँडी स्प्रिंग ही वस्ती आहे. तिथं बहुतेक क्वेकर या ख्रिस्ती पंथाची घरं. त्या शेतकऱ्यांनी १८४४ मध्ये एक मंडळ काढलं. सभासद मोजकेच. महिन्यातून एकदा पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, त्याची शेती फिरून बघायची, मग बसून प्रश्न काढायचे, ज्याला जे माहीत असेल त्यानं ते सांगायचं, आणि त्याचं टिपण ठेवायचं. मी या पद्धतीचं कौतुक केलं होतं.

तुमचं म्हणणं असं, की आपल्याकडे पारावर हेच पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यासाठी गोऱ्यांचे दाखले कशाला? दुसरं, हा जमीनमालकांचा क्लब होता, राबणाऱ्याला तिथं खुर्ची नव्हती. आणि तिसरं, ज्या ग्वानोनं, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतानं, त्यांच्या जमिनी सुधारल्या तो वेठीच्या मजुरांनी खणलेला होता, तेव्हा त्या ज्ञानाचे गोडवे गाऊ नयेत.

पारापासून सुरुवात करतो. पारावर शेती शिकलेली माणसं मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पारावर कुणी आपलं शेत घेऊन येत नाही. तिथं एकरी इतकी पोती झाली असं एखाद्यानं सांगितलं, की ती झालीच. फसलेला प्रयोग तर कुणी काढतच नाही. सँडी स्प्रिंगमध्ये बैठकीआधी शेजारी प्रत्यक्ष शेतात उतरायचे. कुंपण कुठं मोडलंय, गव्हात तण किती, जनावरं कशी दिसतात, आणि गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगाखालून पावसात काळं पाणी वाहून जातंय का, हे सगळं डोळ्यांसमोर. त्या काळ्या पाण्याबरोबर खताचा कस निघून चाललेला असतो. मालकाला ते रोज दिसतं आणि रोज दिसतं म्हणूनच दिसेनासं होतं. शेजाऱ्याच्या ते पहिल्याच नजरेत भरतं. शिवाय आज ज्यानं बोट दाखवलं, त्याच्या बांधावर पुढच्या कुठल्या तरी महिन्यात हीच मंडळी येणार असतात. या पाळीमुळे टीका करणाराही जपून आणि खरं बोलतो. माझं कौतुक आहे ते या पाळीच्या नियमाचं.

यातली बरीचशी माणसं एकमेकांचे सोयरेधायरे होती. स्टॅबलर, ब्रुक, फार्कर, थॉमस, मूर अशी चारदोन घराणी, आणि त्यांच्यात लग्नसंबंध. भाऊबंदांच्या तोंडून आपल्या शेताची उणीदुणी ऐकणं किती जड जातं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांना ते जमलं याचं एक कारण त्यांच्या पंथात आहे असं मला वाटतं. क्वेकरांच्या धार्मिक सभेत ठरलेले प्रश्न वाचून त्यांना प्रामाणिक उत्तरं देण्याची रीत होती, कामकाजाची टिपणं ठेवण्याची शिस्त होती. तीच सवय शेतीत उतरली.

आणि काळ बघा. १८४४ मध्ये अमेरिकेत कृषी खातं नव्हतं, ते १८६२ मध्ये आलं. राज्याराज्यांत सरकारी मदतीवर चालणारी संशोधन केंद्रं उभारणारा कायदा १८८७ चा. बाल्टिमोरहून ‘अमेरिकन फार्मर’ नावाचं शेतीविषयक पत्र १८१९ पासून निघत होतं खरं, पण छापलेला सल्ला आपल्या चढावर लागू पडतो की नाही हे कोण सांगणार? तंबाखू आणि मक्यानं पिढ्यान् पिढ्या पिळून काढलेल्या त्या जमिनी होत्या. अनेक शेतकरी कुटुंबं पश्चिमेकडे निघून गेली. राहिलेल्यांना जमिनीत कस परत आणायचा होता, आणि विचारायला शेजाऱ्याखेरीज कुणी नव्हतं.

त्यांनी काय केलं ते तुम्हा बागायतदाराला नक्की पटेल. आम्लधर्मी जमिनीत आधी चुना, हाडांचा चुरा, आणि मग क्लोव्हर. आपल्याकडची बरसीम याच क्लोव्हरच्या कुळातली. क्लोव्हर नांगरून त्यावर गहू किंवा मका घेतला की पीक सुधारतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. का सुधारतं, हे मात्र हेल्रीगल या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये सांगितलं: द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरतात. म्हणजे मंडळ निघाल्यावर चाळीसहून जास्त वर्षांनी. कारण कळेपर्यंत थांबले असते, तर शेती विकावी लागली असती.

यातला चुन्याचा सल्ला उचलून कुणी निफाडात आणला तर बागेचा घातच होईल. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आधीच चुना जास्त, लोह मिळत नाही म्हणून द्राक्षाची पानं पिवळी पडतात. म्हणूनच तुमचा ‘गोऱ्यांचे दाखले’ हा आक्षेप मला लागू वाटत नाही. त्यांचा सल्ला आपण घ्यावा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सल्ला त्याच मातीतला, त्याच पावसातला आणि पाहून दिलेला असावा, ही त्यांची रीत मला मोलाची वाटते. आज कृषी सेवा केंद्रात पान दाखवून बाटली घेऊन येणारा शेतकरी ज्याचा सल्ला घेतो, त्याचा नफा त्या बाटलीतच असतो. शेजाऱ्याला काही विकायचं नसतं.

आता ग्वानो. समुद्रपक्ष्यांची शतकानुशतकं साचलेली ही विष्ठा पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवरून १८४० च्या दशकात बाल्टिमोरला यायला लागली. टनाला पन्नास डॉलरच्या आसपास भाव, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी १८५० च्या डिसेंबरात तिथल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्वानो रास्त भावात मिळवण्याचा विषय काढला, इतकं त्याचं महत्त्व होतं.

पोतं उघडलं की अमोनियाचा वास नाकात जायचा, डोळ्यांना पाणी यायचं. ढेकळं फोडायची, चाळायची, आणि जिप्सम मिसळायचं, म्हणजे अमोनिया उडून जात नाही. चुना किंवा राख मात्र अजिबात मिसळायची नाही, कारण चुना लागला की अमोनिया सुटतो आणि पन्नास डॉलरचा माल वाऱ्यावर जातो. बियाण्याला थेट लागू द्यायचा नाही, कोंब करपतो. वर फेकून न ठेवता नांगरून मातीआड करायचा. चुना जमिनीला हवा आणि ग्वानोही हवा, पण दोन्ही एकत्र नकोत, ही गोष्ट ज्यानं एकदा हात पोळून घेतला त्यानं दहा शेजाऱ्यांना सांगितली की दहा जणांचे पैसे वाचतात. त्या काळात शेजाऱ्याच्या सल्ल्याला मोल होतं ते अशा गोष्टींमुळे.

तुम्ही लिहिलंत ते चिंचा बेटांचं वर्णन खरं आहे. १८४९ पासून चीनमधून करारानं आणलेले मजूर तिथं खोदकाम करत. करार नावाचा, वागणूक गुलामाची. धुळीनं छाती भरायची, मुकादमाचा चाबूक होता, आणि कड्यावरून समुद्रात उडी घेऊन सुटका करून घेणारे होते. मेरीलँडच्या शेतात पडलेलं पोतं तिथून आलं होतं. हे सांगितल्याशिवाय या जमिनी सुधारल्याची गोष्ट पुरी होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यावरून मंडळाचं ज्ञानच टाकाऊ ठरतं, हे मान्य नाही. चुना आणि ग्वानो एकत्र करू नये हे ज्या कारणानं खरं आहे, ते कारण मजुराच्या हालांमुळे बदलत नाही. आणि शेणखत सांभाळणं, क्लोव्हर, हाडं यांना तर चिंचा बेटांची गरजच नव्हती. त्या बेटांवरचा साठा १८७० च्या दशकात संपत आला, या गोष्टी राहिल्या.

मजुरांचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. सँडी स्प्रिंगच्या क्वेकरांनी गुलाम ठेवणं पूर्वीच सोडलं होतं, पण त्याच काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, इतर शेतांवर १ नोव्हेंबर १८६४ ला मेरीलँडची राज्यघटना बदलेपर्यंत गुलाम राबत होते. त्याच वस्तीतले बेंजामिन हॅलोवेल १८५९ मध्ये मेरीलँडच्या कृषी महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा कॉलेजच्या शेतावर गुलामांकडून काम करून घ्यायचं नाही अशी अट त्यांनी घातली होती. हे पद त्यांनी सांभाळलं महिनाभरच. म्हणजे या माणसांना अन्याय दिसत होता. तरीही जो स्वतंत्र काळा मजूर त्यांच्या शेतात रोजंदारीवर खत पसरत होता, त्याला मंडळाच्या बैठकीत जागा नव्हती. ढेकूळ कुठं फुटत नाही, कुठल्या तुकड्यात नांगर अडतो, पेरल्यावर कोंब कुठं करपला, हे सगळ्यात आधी त्याला कळत असणार. त्याला न विचारून मंडळानं आपलंही नुकसान करून घेतलं.

बायकाही त्या बैठकीत नव्हत्या. त्यांनी १८५७ मध्ये स्वतःची संस्था काढली, पद्धत तीच: महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, वाचून दाखवायचं, घरकामातल्या अडचणी मांडायच्या आणि तोडगे सांगायचे. मूळ लेखात जागेअभावी हे राहिलं होतं. त्यांच्यावर वेगळं लिहिणार आहे.

तुमच्या गावातल्या द्राक्ष गटाची शिवारफेरी होते असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत. त्याबद्दल मला खरंच जाणून घ्यायचंय. फेरीला कुणाची बाग घ्यायची हे कोण ठरवतं? चांगल्याच बागा दाखवल्या जातात, की पाळी आली की डाउनी हा बुरशीजन्य रोग लागलेली बागही दाखवावी लागते? आणि छाटणीला, डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) येणाऱ्या मजूर टोळ्यांपैकी कुणी त्या फेरीत बोलतं का? सवडीनं लिहा. तुमची हरकत नसेल तर ते इथं स्वतंत्र लेख म्हणून लावतो.