अर्धी दाढी आणि सात लिटर

रविवारी सकाळी गोव्यात फोंड्यातल्या एका सलूनच्या खुर्चीवरून मला उठवण्यात आलं. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर फेस. गुन्हा एवढाच की फोर्डचं ३०२ घन इंचांचं इंजिन घ्यावं की ४२७चं, याबद्दल माझं काही एक मत होतं. यांतलं एकही इंजिन मला घ्यायचं नव्हतं, परवडणार नव्हतं, आणि दोन्ही मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. डावीकडे वळवली की तिचा हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे त्या बाजूला इंडिकेटर लागत नाही.

घ्यायचं होतं मेहुण्याला. तो इंग्लंडात स्विंडनला असतो आणि तिथे त्याने घराशेजारच्या गॅरेजात किट कार मांडली आहे. किट कार म्हणजे गणपतीच्या मखरासारखा प्रकार. चासी, फायबरची बॉडी, नटबोल्ट, सगळं खोक्यांतून येतं; जोडायचं आपण, आणि शेवटी उरलेले चार स्क्रू कुठले हे कुणी विचारायचं नाही. ही किट ‘कोब्रा’ची नक्कल. कॅरोल शेल्बी या अमेरिकन गृहस्थाने १९६२ साली एसी या इंग्लिश कंपनीच्या हलक्याफुलक्या दोन माणसांच्या गाडीत फोर्डचं व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन बसवलं, ती ही कोब्रा. आधी २६० घन इंचांचं, मग २८९चं, आणि १९६५ला थेट ४२७चं. किटवाले इंजिन देत नाहीत. ते आपण शोधायचं.

“भावोजी, तुम्ही लाइनीतले. स्मॉल ब्लॉक की बिग ब्लॉक? म्हणजे ३०२ की ४२७?”

मी सतरा वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. एवढ्या काळात इंजिनाबद्दल माझं मत प्रथमच कुणी विचारत होतं. लोक माझ्याकडे येऊन “तोच पार्ट दुसरीकडे कितीला मिळेल?” एवढंच विचारतात. आठ रात्री बसून मी वाचलं. बायको म्हणाली, “त्याला नीट काय ते सांगा. नेहमीसारखं स्वस्तातलं सांगू नका.” बिलबुकाच्या मागच्या बाजूला चार पानं भरली आणि निकाल लागला ३०२च्या बाजूने. कारण सोपं आहे. ३०२चं वजन सुमारे २१० किलो, ४२७चं ३००च्या घरात. म्हणजे जास्तीचे ८०-९० किलो, तेही सगळे नाकावर. बोनेटवर एक धडधाकट माणूस कायमचा बसवून फिरायचं. वळण आलं की तो माणूस सरळ जायचं म्हणणार. उष्णता जास्त, पेट्रोल जास्त, गिअरबॉक्स दणकट हवा, आणि ३०२चे पार्ट मिळतात तितके त्या जुन्या मोठ्या इंजिनाचे मिळत नाहीत. पार्ट मिळण्याचं महत्त्व मला कुणी शिकवू नये.

रविवारी हे सगळं त्याला फोनवर सांगायचं ठरलं होतं. रात्रपाळी संपवून त्याने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा इथे दहा वाजले होते, पाऊस कोसळत होता आणि माझ्या वरच्या ओठावर वस्तरा होता. सलूनवाल्याने फोन उचलून पावडरचा डबा आणि तुरटी यांच्यामध्ये आरशाला टेकवून ठेवला. मी दात न उघडता ३०२ची बाजू मांडू लागलो.

मागच्या बाकावर वर्तमानपत्राच्या आड एक काका बसले होते. वर्तमानपत्र खाली आलं.

“कितें तें?”

“इंजिन,” मी म्हणालो.

आता हे काका कोण, ते सांगायला हवं. ते खनिजाच्या बार्जीवर, म्हणजे नदीतून खनिज वाहणाऱ्या मालबोटीवर, ड्रायव्हर होते. बार्जीवर ड्रायव्हर म्हणजे सुकाणू धरणारा नव्हे. तो सारंग, तो वर वाऱ्यात उभा राहतो. ड्रायव्हर खाली इंजिनापाशी. काकांची उमेदीची वर्षं मांडवी नदीच्या पाण्याखाली चार हात, डिझेलच्या वासात गेली. पावसाळ्यात आग्वादकडचं नदीचं तोंड बंद झालं की बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायच्या. तिथल्या सुसरी वर सारंगाला दिसायच्या, काकांना फक्त सांगण्यात यायच्या. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून काका सुक्या जमिनीवर आहेत आणि जगातल्या कुठल्याही इंजिनावर बोलायला मोकळे आहेत. आवाज मात्र अजून इंजिनरूमातलाच. समोरचा बहिरा आहे असं धरून चालतात.

“ल्हान म्हणजे केवढं?”

“पाच लिटर.”

“आणि व्हडलें?”

“सात.”

“मग विचारतोस कितें?”

मी वजनाचं सांगितलं. नाकावरचा माणूस सांगितला. काका म्हणाले, बार्जीचं इंजिन खाली ठेवतात म्हणूनच बार्ज उलटत नाही. हे खरं आहे आणि याचा कोब्राशी काहीही संबंध नाही. पण स्विंडनहून मेहुणा म्हणाला, “पॉइंट आहे.”

मग मी चूक केली. शास्त्रात शिरलो. म्हटलं, “काका, बिग ब्लॉक म्हणजे मोठं इंजिन असं नसतं. ते नाव ब्लॉकच्या ओतकामावरून, दोन सिलिंडरांमधल्या अंतरावरून. शेव्हरोलेचं बघा. त्यांचा एक स्मॉल ब्लॉक ४०० घन इंचांचा आणि बिग ब्लॉक ३९६चा.”

“म्हणजे धाकटा थोरल्यापेक्षा उंच?”

“हो.”

“मग त्याला धाकटा कशाला म्हणतात?”

“कारण तो धाकटा आहे.”

बाकावर आणखी दोघे होते. ते हसले. सलूनवालाही हसला, आणि त्या वेळी वस्तरा माझ्या गळ्यावर होता, याची मी इथे नोंद करून ठेवतो.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या समासात भागाकार मांडला. सात हजार भागिले आठ. “आठशे पंच्याहत्तर,” ते म्हणाले. “एका सिलिंडराचे. तुझी मारुती कितकी?”

“सातशे शहाण्णव.”

“म्हणजे ह्या गाडीच्या एका नळकांड्यात तुझी अख्खी गाडी मावते,” काकांनी आरशातल्या माझ्याकडे बघत सांगितलं, “आणि वर बाजाराची पिशवी ठेवायला जागा उरते.”

मेहुणा एवढा हसला की आरशाला टेकवलेल्या फोनमध्ये मला फक्त त्याच्या घराचं छत दिसत राहिलं. हिशेब मी रात्री पुन्हा करून पाहिला. बरोबर आहे.

पण काका तिथे थांबले नाहीत. त्यांनी मेहुण्याला विचारलं, “बॉडी कसली घेतलीस?” तो म्हणाला, ४२७चीच, फुगीर मडगार्डांची, रुंद. बहुतेक किटवाले तीच नक्कल करतात. झालं. काका उठून उभे राहिले. “ऐक. पंचवीसेक वर्षांमागे आमच्या जत्रेच्या नाटकात एक भीम होता. काडी! खांद्यांना उशा बांधल्या, छातीला उशी, पोटाला उशी. वरून जरीचा अंगरखा. गदायुद्धात दुर्योधनाने गदा मारली ती थेट खांद्यावर, आणि उशी फुटली. कापूस उडाला रे उडाला! पहिल्या रांगेत माझी म्हातारी आई, तिच्या डोक्यावर कापूस. भीम हातांनी कापूस गोळा करतोय आणि तोंडाने म्हणतोय, ‘अधमा, थांब!’” काकांनी कापूस गोळा करून दाखवला. खाली वाकून, केसांतून चालत, अगदी मन लावून. “तशी तुझी गाडी होणार, ल्हान इंजिन घातलंस तर. अंगरखा भीमाचा, आंत कारकून.”

तो भीम मी होतो.

काकांना हे माहीत नव्हतं की माहीत असून बोलले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आरशात पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही. आणि दुर्योधनाने गदा ठरलेल्या जागी मारली नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

माझ्याकडे अजून एक मुद्दा शिल्लक होता, चौथ्या पानावरचा: ४२७ म्हणून विकलेल्या खऱ्या कोब्रांपैकी काहींत प्रत्यक्षात ४२८ नावाचं दुसरंच, स्वस्त इंजिन होतं. म्हणजे अस्सल भिमाच्या अंगरख्यातसुद्धा उशी! हे मी सांगायला तोंड उघडलं आणि सलूनवाला म्हणाला, “भाऊ, तुम्ही फोनवर सावकाश बोलून घ्या. तोवर काकांची करतो.” बाहेर धो धो पाऊस. मी टॉवेलसकट बाकावर. फोन मात्र तिथेच आरशापाशी राहिला, काकांच्या समोर.

त्या बाकावर बसून मला काय आठवलं सांगू? सासऱ्यांचा जन्मदाखला. ते १९६१च्या आधीचे, म्हणून पोर्तुगीज राजवटीतले, म्हणून त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, म्हणजे मुलाला, या मेहुण्याला, पोर्तुगालचा पासपोर्ट, ज्यावर तो इंग्लंडात गेला. त्या कागदांसाठी पाच सकाळी रांगेत कोण उभा राहिला? नावात ‘नाईक’चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचं निघालं, तेव्हा ॲफिडेव्हिट कुणी केलं? काका बार्जीत होते. रांगेत मी होतो. आता तो तिथे रात्रपाळीचे पाउंड इंजिनात घालणार आणि डिसेंबरात आला की चॉकलेटं वाटताना विचारणार, “भावोजी, अजून तीच मारुती?” राहिला तो शहाणा नसतोच, गेला तो शहाणा, आणि गेलेल्यानेही ऐकायचं तर सलूनमधल्याचं.

बरं, ते सात लिटर तो फिरवणार कुठे? स्विंडनमध्ये १९७२पासूनचं एक प्रसिद्ध सर्कल आहे: मधल्या एका सर्कलभोवती पाच छोटी सर्कलं. तिथे बोनेटवर जास्तीचे नव्वद किलो घेऊन वळ म्हणावं पाच वेळा.

माझी उरलेली दाढी पावणेअकराला झाली. फेस वाळून गेला होता, पुन्हा लावावा लागला. पैसे पूर्ण घेतले. काकांनी जाताना खांद्यावर हात ठेवला, नेमका उशीच्या जागी, आणि म्हणाले, “राग धरू नको हां. भाची बरी आसा मरे?” मला भाची नाही.

काल रात्री मेहुण्याचा मेसेज आला: “४२७ बुक केलं. काकांचा नंबर पाठवा ना, गिअरबॉक्सचं विचारायचंय.” मी तो वरच्या पट्टीतच वाचलाय. निळी खूण उमटू नये म्हणून अजून उघडलेला नाही.