अर्ध्या हळकुंडाचे हृदयरोगतज्ज्ञ

हृदयरोगतज्ज्ञ व्हायला बारावीनंतर साडेअकरा वर्षं लागतात. साडेपाच एमबीबीएसची, तीन एमडीची, तीन डीएमची. प्रवेश परीक्षांच्या पायी गेलेली वर्षं त्यात धरलेली नाहीत. तुम्ही मात्र निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, हातातला चहा निवायच्या आत, हे काम उरकू शकता. फोन चार्ज केलेला हवा आणि उजवा अंगठा धडधाकट हवा. बस्स.

नातेवाईक, सोसायटी, हास्यक्लब आणि दहावीची बॅच असे चार व्हॉट्सॲप ग्रुप असले की तुमची ओपीडी सुरू झाली म्हणून समजा. दहावीच्या बॅचवर विशेष मेहनत घ्या. तिथे निम्म्यांना बीपी आहे, तिघाचौघांच्या हृदयाच्या नळीत स्टेंटची जाळी बसलीय आणि वेळ सगळ्यांकडे आहे. रोज पहाटे सव्वापाचला गुलाबाच्या चित्राबरोबर एक आरोग्यमंत्र सोडायचा. सव्वापाचलाच, कारण साडेपाचला पहिल्या मजल्यावरच्या अण्णांचा येतो आणि त्यांचा गुलाब तुमच्यापेक्षा मोठा असतो.

मजकूर खरा की खोटा हे तपासत बसू नका, ते डीएमवाल्यांचं काम. वर कुणातरी मोठ्या सर्जनचं नाव असावं आणि खाली 'दहा जणांना पाठवलात तर एकाचा जीव नक्की वाचेल' असं वाक्य. हा हिशेब कुणी केला, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. सर्वांत शेवटी 'संकलन' असं लिहून त्यापुढे आपलं नाव टाकायला विसरू नका. आपण काय संकलित केलं, असा प्रश्न मनात आला तर तो दाबा. कॉपी आणि पेस्ट मिळून संकलनच होतं.

सुरुवात खोकल्याच्या मंत्राने करा. ईमेलच्या जमान्यापासून हा फिरतोय आणि अजून ताजातवाना आहे: एकटे असताना छातीत कळ आली तर खोल श्वास घ्या, जोरजोरात खोका, मदत मिळेपर्यंत खोकतच राहा. हा उपाय आम्ही सुचवत नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगून टाकलंय; पण असोसिएशन काही आपल्या ग्रुपवर नाही. अडचण अशी आहे की हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकलेली असते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, पण खोकल्याने गुठळी हलत नाही. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. म्हणजे ज्याला खोकता येतं त्याला उपयोग नाही, आणि ज्याला व्हायला हवा तो खोकण्याच्या परिस्थितीत नाही. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेला असताना ठोके अचानक बिघडले, तर डॉक्टर कधीकधी पेशंटला 'खोका, खोका' म्हणतात. त्या टेबलावरून हा मंत्र जो निसटला तो थेट तुमच्या फोनमध्ये. इतक्या खोलात तुम्ही शिरू नका. समोरचा माणूस कोसळला, श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, हे सांगण्यात काय मजा? त्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागतं, आणि आपल्या बॅचमधला कुणीही एकदा बसला की उठत नाही.

आता लिंबू, आलं, लसूण, व्हिनेगर आणि मध. हा काढा ब्लॉकेज साफ करतो, बायपासची तारीख मिळालेला माणूस चालत घरी येतो. आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने १९७७ साली झ्युरिकमध्ये पहिल्यांदा फुगा फुगवून जाग्या माणसाच्या हृदयाची नळी उघडली. तो फुगा बनवण्याचे त्याचे सुरुवातीचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच चालत. लसूण हाताशी असताना या माणसाने फुगे बनवत वर्षं घालवली, याचं तुम्ही ग्रुपवर जाहीर आश्चर्य व्यक्त करा. काढ्याने आम्लपित्त वाढलं अशी तक्रार आली, तर 'विष बाहेर पडतंय' हे उत्तर तयार ठेवा. ते कुठल्याही तक्रारीला चालतं.

दुधीच्या रसाचा मात्र मान वेगळा. कडू ते औषधी, हे आपल्याला पाडव्याच्या कडुनिंबापासून शिकवलेलं आहे, त्यामुळे रस जितका कडू तितका गुणकारी, असं बिनधास्त लिहा. दुधी कडू निघाला तर त्यात ककुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. २०१० साली दिल्लीतले एक शास्त्रज्ञ असा रस पिऊन दगावले. मग आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं, की रस काढण्याआधी दुधीची लहानशी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या, कडू रस दुसऱ्या रसात मिसळून पिऊ नका आणि पिऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर तडक हॉस्पिटल गाठा. एवढी साधी गोष्ट एका ओळीत मावते. ओळ लहान आहे, आणि लहान ओळ कुणी पुढे पाठवत नाही, एवढाच तिचा दोष.

गोळ्या बंद करायला लावणं ही खरी सुपरस्पेशालिटी. 'एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते' हे वाक्य कुजबुजल्यासारखं लिहा. चष्मा आणि कवळीही आयुष्यभरच लागतात, पण त्यावरून कुणी ग्रुपवर भांडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीला रसायन म्हणा. १९७० च्या दशकात जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, एका बुरशीत सापडलं, म्हणजे गोळीचं मूळ तुमच्या व्हिनेगरइतकंच नैसर्गिक. पण बुरशी गुलाबाच्या चित्राखाली शोभत नाही, तेव्हा हे गाळा. स्टेंट बसलेल्या मित्राला 'रक्त फार पातळ झालंय तुझं, चेहरा बघ' असं म्हणा. अटॅकनंतर स्टेंट बसला की रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर घ्यायच्या असतात. डॉक्टरला न विचारता त्या मध्येच सोडल्या तर नव्याकोऱ्या स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि हा दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. तसं झालंच, तर तुम्ही 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं चित्र पहिले टाकाल, याची खात्री आहे.

ॲस्पिरिनबद्दल थोडं सावध राहा, कारण या विषयात पुरावा भरपूर आहे. १९८८ साली आयसिस-२ नावाच्या अभ्यासात हार्ट अटॅकचे १७,१८७ संशयित रुग्ण होते. रोज अर्धी गोळी ॲस्पिरिन महिनाभर, एवढ्याने मृत्यू पाचवा हिस्सा आणि वर थोडे कमी झाले. ती स्वस्तातली गोळी! पुढची गंमत तर तुमच्यासाठीच आहे. रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून निकाल द्या, असा आग्रह झाला, तेव्हा अभ्यासकांनी राशीनुसारही गट पाडले आणि मिथुन व तूळ राशीला ॲस्पिरिनचा फायदा होत नाही, असं छापून दाखवलं. आकडे फार बारीक कापले की असले चमत्कार निघतात, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तुम्ही विनोद वगळा आणि राशी तेवढ्या ठेवा. सोबत 'पन्नाशीनंतर सर्वांनी रोज एक ॲस्पिरिन' असंही दडपून द्या. पोटात रक्तस्राव कुणाला होऊ शकतो, मेंदूत कुणाला, हे बघायला तुम्ही थोडेच बसलाय?

ग्रुपवर काय टाकू नये, हेही सांगून ठेवतो. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये असा भाव ठरला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. ही माहिती टाकलीत तर बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या कुणालातरी तिचा खरोखर उपयोग होईल, पण हात जोडलेलं एकही चित्र येणार नाही. मी एकदा टाकून पाहिली. खाली अण्णांनी 'शुभ सकाळ' लिहिलं.

आता तुमच्या वाटेतला एकमेव काटा. प्रत्येक घराण्यात एक भाची डॉक्टर असते. दिवसभर गप्प, आणि रात्रपाळी संपवून आल्यावर नेमकी तुमच्या मंत्राखाली लिहिते, "मामा, हे चुकीचं आहे. प्लीज डिलीट कर." चिडू नका. "बाळा, तुझं शिक्षण पुस्तकी आहे, आमचा अनुभव आहे" असं लिहा. तिने तरी ऐकलं नाही तर "पूर्वीच्या लोकांना कुठे होते हार्ट अटॅक?" हा हुकमी एक्का टाका. पूर्वीच्या लोकांत किती जण साठी गाठत आणि गेले की कारण कोण लिहून ठेवत असे, हे ती सांगायला लागेल. तेवढ्यात मावशी तुमच्या बाजूने तीन टाळ्या टाकते आणि विषय संपतो. 'आपली परंपरा' हा शब्द आला की भाची ग्रुपमधून बाहेर पडतेच. आई तिला संध्याकाळी परत घेते.

एवढं सगळं केलंत की एका रात्री, साधारण तीनच्या सुमाराला, तुम्हाला गॅस होतील.

गॅस हा मराठी माणसाचा राष्ट्रीय आजार आहे. छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटतं, डावा खांदा भरून येतो, जबडा ओढतो, बनियन घामाने चिंब होतं. पण काल रात्री वांग्याचं भरीत झालेलं असतं, त्यामुळे निदान पक्कं. प्रथम ओवा आणि काळं मीठ. मग इनो. मग घरात फेऱ्या, पाठीवर तेल, बेंबीला हिंग. एक ढेकर आली की 'बघ, मोकळं वाटतंय' असं म्हणायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. बायकांना आणि मधुमेहींना तर कधीकधी छातीत दुखतही नाही. धाप लागते, मळमळतं, नुसता गळाठा येतो. म्हणजे तिथे गॅसलाही विचारायची गरज नाही, 'थकवा' म्हटलं की झालं. इकडे नळी बंद आहे आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरतोय. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, असा नियम आहे. नळी उघडायची तर शक्यतो दीड तासाच्या आत. कॅथलॅब लांब असेल तर तालुक्याच्या गावी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तरी. पहिला ईसीजी चांगला आला तरी काही वेळाने पुन्हा काढायचा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघायचं. हे सगळं ते लोक करतात. तुम्ही त्यांच्या दारात कधी पोचायचं हे मात्र ओवा ठरवतो.

तर तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. इनोचा दुसरा ग्लास रिकामा झालाय. तुम्ही फोन उचलता. चार ग्रुप, चारशे सत्तर माणसं, सगळी तुमची पेशंट. तुम्ही त्यांतल्या एकालाही काही विचारत नाही. हे मला फार आवडतं. तुम्ही नावांमधून खाली खाली जात भाचीपाशी थांबता.

"बाळा, झोपली होतीस का?"

"मामा, काय होतंय? घाम आलाय?"

"थोडासा. गॅस असतील. भरीत…"

"मामीला फोन दे. तू आहेस तिथेच बस, जिना उतरायचा नाही, स्कूटर तर नाहीच. मामी, १०८ लाव, आत्ता. मोठा दिवा लाव, दार उघडं ठेव. त्याच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाक. आणि खायला-प्यायला आता काही देऊ नकोस."

मामी पिशवी भरते. तुम्ही सोफ्यावर बसता, हात छातीवर. तेवढ्यात फोन वाजतो. हास्यक्लबावर कुणालातरी झोप नाही. 'एकटे असताना छातीत कळ आल्यास जोरजोरात खोका', गुलाबासकट, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का मारून. खाली संकलन म्हणून तुमचंच नाव आहे. फक्त मधल्या प्रवासात कुणीतरी त्याच्या आधी 'डॉ.' लावलंय.