डावीकडे वळणारा पोरगा

रविवारी रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दाजींनी एक मेसेज ढकलला. वर ‘जसा आला तसा’. हाच मेसेज आधी दोघांकडून मला येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचता सोडला होता. या वेळी वाचला, कारण दाजींची मुलगी, म्हणजे माझी भाची, बारा वर्षांची आहे. गेलं वर्षभर दर रविवारी ती कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींना, जाते आणि तिच्या कपाटाच्या दारावर कॉनर झिलिशचा फोटो चिकटवलेला आहे. मेसेज त्याच झिलिशबद्दल होता. पंधरा मिनिटांत तिनं मला वेगळं विचारलं, ‘मामा, मग मला उशीर झाला का?’

आता गप्प बसता येत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेतल्या नॅस्कारचा, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या ‘स्टॉक कार’च्या शर्यतींचा, हा पोरगा कुठल्याही गाडीत चमकेल म्हणून त्याला उगाच डोक्यावर घेतलंय. कारणं पाच. एक, नॅस्कारमध्ये नुसतं डावीकडे वळायचं असतं. दोन, त्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, तिथं शिकलेलं दुसरीकडे चालत नाही. तीन, त्यांचा सगळ्यात मोठा हिरो काईल लार्सन इंडियानापोलिसला दोनदा आपटला. चार, नॅस्कारमधलं कुणी फॉर्म्युला वनला जात नाही, म्हणजे लायकीच नाही. पाच, सातव्या वर्षी युरोपात कार्टिंग सुरू केलं नसेल तर पुढं काही होत नाही, तेव्हा पालकांनो, पैसे वाया घालवू नका. शेवटी झिलिश गाडीवरून पडतानाचा व्हिडिओ आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

आधी तो व्हिडिओ. ९ ऑगस्ट २०२५, वॉटकिन्स ग्लेन. शर्यत जिंकून खिडकीतून वर येताना त्याचा तोल गेला, तो खाली पडला आणि कॉलरबोन मोडली. ऑपरेशन झालं. बरोबर तीन आठवड्यांनी पोर्टलंडला त्यानं पुन्हा शर्यत जिंकली. कुस्ती मारून खांद्यावरून मिरवताना खाली पडलेल्या पैलवानाला कुस्ती येत नाही, असं आमच्या कोल्हापुरात तरी कुणी म्हणत नाही. हां, एक सांगायला हवं. मधे डेटोनाला यानं नुसती सुरुवात केली, उरलेली शर्यत पार्कर क्लिगरमननं चालवून जिंकली आणि नियमाप्रमाणे विजय लागला याच्या नावावर. २०२५ च्या एक्सफिनिटी या नॅस्कारच्या दुसऱ्या पायरीच्या मालिकेतले त्याचे १० विजय मोजताना तो एक अर्धाच धरा. साडेनऊ झाले. हसा.

आता डावीकडे वळणं. हा विनोद मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. चारशे मीटर धावणारेही डावीकडेच वळतात, मग ती शर्यत सोपी म्हणायची का? आणि मुळात हे खरंही नाही. २०२५ च्या कप या नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत सहा शर्यती डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर झाल्या. ऑस्टिन आणि मेक्सिको सिटीला तर फॉर्म्युला वनही धावते. वॉटकिन्स ग्लेनला १९६१ ते १९८० अमेरिकन ग्रांप्री व्हायची. त्याच वॉटकिन्स ग्लेनला सप्टेंबर २०२४ मध्ये झिलिश एक्सफिनिटीत पहिल्यांदा उतरला, सगळ्यात पुढून सुटला आणि जिंकला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमका पडतानाचा व्हिडिओ निवडला तो याच ट्रॅकवरचा. तिथं उजवीकडेही वळावं लागतं, हे त्याच्या लक्षातच आलं नसावं.

आणि ज्या ओव्हलला, म्हणजे अंडाकृती ट्रॅकला, हसतात, तो तरी काय असतो? डेटोनाची वळणं ३१ अंशांनी कललेली. डार्लिंग्टनचं एक टोक दुसऱ्यापेक्षा अरुंद, कारण ट्रॅक बांधताना जमिनीच्या मालकाचं मासळीचं तळं वाचवायचं होतं. म्हणजे एका टोकाला गाडी नीट बसली की दुसऱ्या टोकाला हमखास बिघडते. टायर झिजत जातात तशी गाडी बदलत जाते. वळणात शिरताना पुढून ऐकेनाशी होते किंवा बाहेर पडताना मागून सुटायला बघते, मग चालक आपली वाट एक पट्टा वर सरकवतो, ॲक्सिलरेटर थोडा आधी सोडतो, ब्रेक थोडा लांबवतो. हे सगळं अंगाला गाडी चिकटवून धावणाऱ्या आणखी तीन-चार डझन गाड्यांच्या गर्दीत. झिलिशनं २०२५ मध्ये पोकोनो, डोव्हर आणि इंडियानापोलिस या तीनही ओव्हलवर शर्यती जिंकल्या, आणि तिन्हींचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही.

पत्र्याचे डबे? कपची आत्ताची गाडी साधारण साडेचौदाशे किलोची, २०२५ पर्यंत बहुतेक ट्रॅकवर ६७० अश्वशक्ती, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. चाक घसरायला लागलं की ते सावरायचं काम पायानंच करायचं. हा पाय दुसऱ्या गाडीत का चालू नये, हे मेसेज सांगत नाही. झिलिश तर दुसऱ्या गाड्यांतूनच आलाय. कार्टिंग, मग छोट्या माझदांची मालिका, मग ट्रान्स ॲम, आणि जानेवारी २०२४ मध्ये डेटोनाची चोवीस तासांची शर्यत, तीही एलएमपी२ मध्ये. कार्बनची चौकट, हवेच्या दाबानं जमिनीला चिकटणारी गाडी, स्टॉक कारशी नातं म्हणाल तर चार चाकांचं. त्याचा संघ त्या वर्गात पहिला आला. मार्चमध्ये सेब्रिंगच्या बारा तासांतही तोच संघ त्याच वर्गात पहिला. तेव्हा हा सतरा वर्षांचा. हे विजय एकट्याचे नाहीत, संपूर्ण शर्यतीचेही नाहीत, त्या वर्गाचे आहेत. पण ‘दुसरीकडे चालत नाही’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

लार्सनचा मुद्दा, नाइलाजानं, अर्धा मान्य. २०२४ मध्ये इंडी ५०० ला, म्हणजे इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत, पाचव्या जागेवरून सुटला, पिट लेनमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायच्या गल्लीत) वेगमर्यादा मोडल्याचा दंड बसला, अठरावा आला. २०२५ मध्ये गाडीच आपटली. पण याच लार्सननं २०१५ मध्ये डेटोनाचे चोवीस तास, वर्गात नव्हे, थेट सगळ्यांत पहिलं येऊन जिंकले होते, तिघा साथीदारांबरोबर. आणि इंडीचंच माप लावायचं तर कर्ट बुश का विसरता? नॅस्कारचा २००४ चा विजेता, २०१४ मध्ये इंडी ५०० ला पहिल्यांदा उतरला आणि सहावा आला. विरुद्ध बाजूला जिमी जॉन्सन आहे, त्याचंही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा सोयीचं तेवढंच सांगतो. नॅस्कारचा सात वेळचा विजेता, पंचेचाळिसाव्या वर्षी इंडीकारला, म्हणजे इंडी ५०० ज्यात येते त्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेत, गेला आणि डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवर खरोखर चाचपडला. तिकडून इकडे येणाऱ्यांचंही तेच होतं. फॉर्म्युला वनचा २००७ चा विजेता किमी रायकोनेन २०२३ ला ऑस्टिनमध्ये कप शर्यतीत एकोणतिसावा आला, २००९ चा विजेता जेन्सन बटन त्याच शर्यतीत अठरावा. यावरून फॉर्म्युला वनवाल्यांना गाडी चालवता येत नाही असा मेसेज कुणी फिरवला का?

आता चौथा मुद्दा. मला सगळ्यात जास्त राग याचा आला, कारण बाकीचं अडाणीपण आहे, इथं मात्र कागद समोर असताना तो न उघडता न्यायनिवाडा केलाय. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला सुपर लायसन्स लागतं. ते एफआयए, म्हणजे मोटार शर्यतींची जागतिक संघटना, देते. कुठल्या मालिकेला किती गुण, याचा तक्ता त्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेच्या परिशिष्ट ‘एल’मध्ये छापलेला आहे, कुणालाही वाचता येतो. तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला टूमधला पहिला, दुसरा आणि तिसरा, तिघांनाही पूर्ण ४०. इंडीकारच्या विजेत्याला ४०. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०. नॅस्कार कपच्या विजेत्याला १५. आणि जिथं पंधरा-सोळा वर्षांची पोरं चालवतात त्या फॉर्म्युला फोरच्या राष्ट्रीय विजेत्याला १२.

पुन्हा वाचा, दाजी. फेब्रुवारी ते नोव्हेंबर ३६ शर्यती खेळून अमेरिकेतली सगळ्यात मोठी मालिका जिंकणाऱ्याला १५ आणि नववीतल्या पोराला १२. नुसत्या कपच्या अजिंक्यपदांवर ४० गाठायचे तर सलग तीन वर्षं जिंकायला लागेल. ही मालिका १९४९ पासून चालू आहे आणि सलग तीन जिंकणारे त्यात दोनच झाले: केल यारबरो आणि जिमी जॉन्सन. बाकी सगळे, रिचर्ड पेटी आणि डेल अर्नहार्ट या दिग्गजांसकट, दारातच अडले असते. दार लावायचं, कडी घालायची, आणि वर म्हणायचं की बाहेरच्याला आत यायची लायकी नाही!

हे नुसतं कागदावरचं नाही. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या रेड बुलला इंडीकारचा कोल्टन हर्टा त्यांच्या दुसऱ्या संघात हवा होता. सात इंडीकार शर्यती जिंकलेला पोरगा. गुण भरले नाहीत, एफआयएनं सवलत दिली नाही, विषय संपला. आता २०२६ साठी तोच हर्टा इंडीकार सोडून फॉर्म्युला टूकडे वळलाय, गुण गोळा करायला. इंडीकारवाल्याची ही गत, तर स्टॉक कारवाल्याला कोण विचारतो?

यावरून झिलिश फॉर्म्युला वनमध्ये चमकला असता असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि मेसेजवाल्यालाही माहीत नाही. डोक्यावर रेड बुलचं हेल्मेट आलं आणि लोकांनी त्याला थेट रेड बुलच्या फॉर्म्युला वन विजेत्या व्हर्स्टॅपेनच्या शेजारी नेऊन बसवला, हा उतावीळपणा मलाही खटकतो. कपमधली त्याची पहिलीच शर्यत, मार्च २०२५, ऑस्टिन, अपघातात संपली, सदतिसावा आला. त्याच वर्षी एक्सफिनिटीत दहा (बरं, साडेनऊ) शर्यती जिंकूनही शेवटच्या दिवशी अजिंक्यपद जेसी लव्हनं नेलं. २०२६ पासून तो कपमध्ये पूर्णवेळ आहे, तिथं त्याला भरपूर मार खावा लागेल. पण एकोणिसाव्या वर्षापर्यंत इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत जिंकलेल्या पोराकडून अपेक्षा ठेवायची नाही तर कुणाकडून?

पाचवा मुद्दा माझ्या भाचीला लागला, म्हणून तो तिच्यासाठीच लिहितो. पहिली गोष्ट, युरोपातल्या पोरांशी तुझा हिरो कार्टिंगमध्ये खेळलाय. २०२० ची एफआयएची अकॅडमी ट्रॉफी, जिथं सगळ्यांना सारखंच कार्ट आणि सारखंच इंजिन देतात, म्हणजे बापाच्या पैशाचा जोर कमी होतो, ती त्यानं जिंकली. दुसरी गोष्ट, उशिराची. विल्यम बायरन घरी कॉम्प्युटरवर शर्यती खेळत शिकला आणि खऱ्या गाडीत बसला तो २०१२ मध्ये, म्हणजे तुझ्याहून मोठा असताना. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी डेटोना ५००, म्हणजे नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत, त्यानं जिंकली. शेन व्हॅन गिस्बर्गन न्यूझीलंडचा, ऑस्ट्रेलियात नाव काढून चौतिसाव्या वर्षी शिकागोच्या रस्त्यांवर पहिल्यांदा कपमध्ये उतरला आणि पहिल्याच दिवशी जिंकला. २०२५ मध्ये सोनोमाला त्याच गिस्बर्गनला मागं टाकून एक्सफिनिटीची शर्यत कुणी जिंकली, ते तुझ्या कपाटावर आहे.

खर्चाचं मात्र मेसेजवाला चुकीचं बोलत नाही. हा खेळ महाग आहे, टायरच्या बिलावरून तुझ्या आईचे आणि बाबांचे आवाज चढतात ते मी ऐकलेत. परवडत नाही म्हणून थांबायचं ठरलं तर तसं घरात बसून ठरवा. त्याला असल्या मेसेजचा आधार कशाला?

आणि दाजी, शेवटचं तुमच्यासाठी. आपला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत गेला होता. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. वर्षाच्या शेवटी त्या मालिकेचा सगळ्यात लोकप्रिय चालक तोच ठरला, कारण भारतातून लोकांनी इंटरनेटवर धडाधड मतं टाकली. तेव्हा व्हॉट्सॲप आपल्या घरात पोचलं नव्हतं, म्हणून आपल्या सगळ्यांना ईमेल कुणी पाठवला होता? ‘आपला माणूस आहे, रोज एक मत द्या, नॅस्कार म्हणजे खायचं काम नाही.’ माझ्या जुन्या याहूच्या डब्यात तो अजून आहे. ग्रुपवर टाकू का, जसा आला तसा?